मदत हवी आहे: चार महिन्यांचं बाळ बाबाकडे राहत नाही, आणि पुढच्या महिन्यात आईची रजा संपतेय

नमस्कार. पोस्ट लांबणार आहे. मागचं सांगितल्याशिवाय मी नेमकं काय विचारतोय ते कळणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आमचा मुलगा चार महिन्यांचा आहे. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हे दोन्ही घरांत गृहीतच होतं. नववा लागला तशी बायको मिरजेला गेली, बाळ तिथेच झालं आणि तिसरा महिना संपेपर्यंत दोघं तिथेच होती. मी पुण्यात खासगी कंपनीत नोकरीला. कंपनीने दिलेली रजा दवाखाना, पाचवी आणि बारसं यातच संपली. मग शुक्रवारी रात्रीची गाडी पकडून मिरज गाठायचं आणि रविवारी परत निघायचं, असं चाललं.

सासरी माझा पाहुणचार उत्तम झाला. पण बाळाच्या बाबतीतही मी पाहुणाच राहिलो. सकाळी अंगाला लावायला बाई यायच्या, तेव्हा खोलीचं दार लोटलेलं. मग शेक-शेगडी, मग बाळ-बाळंतीण झोपलेली. जागं झालं की पाजायचं. मधल्या वेळात कुणीतरी दुपट्यात गुंडाळून त्याला माझ्या मांडीवर ठेवायचं, फोटो निघायचे, आणि त्याने ओठ जरा वाकडे केले की "आणा इकडे, भूक लागली असेल" म्हणून उचलून नेलं जायचं. सासूबाईंबद्दल तक्रार नाही. सिझरनंतर त्यांनी माझ्या बायकोला ज्या मायेने उभं केलं ते मी जवळून पाहिलंय. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, रात्र-रात्र जागणं, सगळं त्यांनी केलं. पण "रडतोय तर रडू दे जरा, मी बघतो" असं म्हणायची संधीच मला मिळाली नाही. रात्री मी बाहेरच्या खोलीत असायचो. आतून रडण्याचा आवाज आला की उठून बसायचो, आणि आत जाता येत नाही म्हणून तसाच बसून राहायचो.

आता दोघं पुण्याला आली आहेत. दिवसा पोट भरलेलं असताना तो माझ्याकडे छान खेळतो. मी बोलायला लागलो की टक लावून तोंडाकडे बघतो, आगूं-आगूं करतो, मिशी धरायला हात पुढे करतो. दिवेलागणीला मात्र सगळं पालटतं. मी घेतलं की पाठ ताठ करून मागे झोकून देतो, मुठी आवळतो, हनुवटी थरथरायला लागते आणि मग जो टाहो फोडतो तो थांबतच नाही. फेऱ्या मारून झाल्या, गाणी म्हणून झाली, गॅलरीत नेऊन दिवे दाखवून झाले. बायकोने घेतलं की मिनिटभरात तिच्या मानेत नाक खुपसून गप्प होतो, नुसते हुंदके राहतात. ती दिवसभराची थकलेली असते. तिला तासभर पाठ टेकता यावी एवढंही मला जमवून देता येत नाही, हे फार लागतं.

डॉक्टरांना दाखवलंय. जन्माच्या वेळी २.८ किलो होता, आता ६ च्या वर आहे. १४ आठवड्यांच्या लसी झाल्या आहेत. शी-शू व्यवस्थित. त्यांच्या मते बाळ ठणठणीत आहे.

खरी अडचण पुढे आहे. मातृत्व रजा २६ आठवड्यांची. त्यातले काही आठवडे बाळंतपणाआधीच गेले, त्यामुळे बाळ जेमतेम पाच महिन्यांचं होतंय तोवर तिला रुजू व्हावं लागणार. म्हणजे सहा महिने फक्त अंगावरचं दूध, हा आमचा निश्चय त्याआधीच अडतोय. माझी आई गावाहून यायला तयार आहे, पण तिचे गुडघे दुखतात, दिवसभर बाळ उचलणं तिला झेपणार नाही. मी बिनपगारी रजा घेऊन सुरुवातीचे काही आठवडे घरी राहायचं ठरवतोय. आई म्हणते, "पुरुषमाणसाला एवढं तान्हं पोर कसं सांभाळता येईल?" ती वाईट बोलत नाही, तिने कधी कुणाला करताना पाहिलेलं नाही. मला मात्र हे करायचंच आहे. त्याला बाप आहे तर त्याला भूक लागली, झोप आली, पोट दुखलं हे मला कळायला हवं असं मनापासून वाटतं.

तर विचारायचंय ते असं. एवढ्या महिन्यांच्या अंतरानंतर त्याला माझी सवय कशी लावू, आणि ती महिन्याभरात लागेल का? काढून ठेवलेलं दूध तो माझ्या हातून कसं पिईल? परवा वाटी-चमच्याने प्रयत्न केला तर सगळं झबल्यावर सांडलं. बाटली द्यायची नाही असं आम्हा दोघांचं मत आहे. आणि माझी रजा तिची रजा चालू असतानाच सुरू करावी, की ती रुजू झाल्या दिवसापासून?

आणखी एक. सासूबाईंनी सोबत घुटीची पुरचुंडी दिली आहे: मुरुडशेंग, वेखंड, हिरडा, जायफळ, बदाम, खारीक, असं बरंच. रोज सहाणेवर उगाळून मधातून चाटवायला सांगितलंय. डॉक्टर नको म्हणाले. सासूबाईंचा फोन आला की बायको विषय टाळते. त्यांना न दुखवता कसं सांगावं?

ज्यांनी हे केलंय त्या बाबांचा अनुभव विशेष हवा आहे.

दोन लेकींचा बाप

तुमची सुरुवात संध्याकाळपासून होतेय, ती सकाळपासून करा. दिवेलागणीला मूल थकलेलं असतं, किरकिरं असतं, त्या वेळी ते आईच मागणार. सकाळी पाजून झाल्यावर ढेकर काढण्यापासून पुढचा तासभर पूर्णपणे तुमचा ठेवा, आणि त्या वेळात बायकोने दुसऱ्या खोलीत नाही, घराबाहेर जायचं. भाजी आणू दे, मैत्रिणीकडे जाऊ दे. आईचा आवाज आणि वास घरात असेपर्यंत पोर तिच्याकडेच ओढ घेतं, आणि आई तरी किती वेळ दाराआड उभी राहून ऐकणार?

दुसरं, अंघोळ तुमच्याकडे घ्या. मी पाटावर पाय सरळ करून बसायचो, मुलीचं डोकं माझ्या पावलांकडे, पाय माझ्या पोटाकडे. तोंड आपल्याकडे असतं, त्यामुळे ती सारखी आपल्यालाच बघते. आधी कोमट तेल, पोटावर हलक्या हाताने गोल-गोल, मग एका हाताने मान सावरून दुसऱ्या हाताने लोटीने पाणी. पहिल्या वेळी आईने शेजारी बसून पाणी ओतलं, मी नुसतं धरलं. आठवड्यात हात बसला. अंघोळ, पुसणं, टोपडं, आणि मग माझ्याच खांद्यावर झोप. धाकटीला आजही झोपताना मी लागतो.

बालरुग्ण विभागातली परिचारिका

तुमचं बाळ तुम्हाला नाकारत नाहीये, हे आधी मनात पक्कं करा. संध्याकाळचं रडणं साधारण सहाव्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ओसरत जातं. अनोळखी माणसाला बघून घाबरण्याचा काळ अजून यायचाय, तो सहसा सहा महिन्यांनंतर. म्हणजे सवय लावायला ही वेळ चांगली आहे, थांबू नका.

उघड्या छातीवर बाळ घेऊन बसा, वरून पातळ दुपटं. कांगारू पद्धत फक्त आईसाठी किंवा फक्त कमी वजनाच्या बाळांसाठी असते असा गैरसमज आहे. आमच्याकडे बाबांनाही बसवतो आणि बाळं शांत होतात.

दुधाचं. पूर्ण भूक लागून रडायला लागल्यावर वाटी-चमचा पुढे केला तर सांडणारच. मुठी चोखायला लागलं, मान इकडेतिकडे वळवायला लागलं की लगेच द्या. बाळाला मांडीवर जवळजवळ बसतं धरा, आडवं नको. चमचा खालच्या ओठाला टेकवा आणि त्याला ओढून घेऊ द्या, घशात ओतू नका. पसरट तोंडाची पळी मिळाली तर आणखी सोपं. पहिले काही दिवस आईने समोर असू नये. काढलेलं दूध फ्रिजमध्ये आतल्या बाजूला ४ दिवस राहतं, दारात ठेवू नका. बाहेर २५ अंशांपर्यंत ४ तास, पण आत्ताच्या उन्हाळ्यात बाहेर ठेवूच नका. गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून कोमट करा, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही. उष्टं उरलेलं पुन्हा फ्रिजमध्ये ठेवू नका. आणि पंपाची सवय रुजू व्हायच्या आदल्या दिवशी नको, आजपासून करा, सकाळच्या पाजण्यानंतर दूध जास्त निघतं.

रडणं असह्य झालं तर बाळाला पाठीवर, सपाट गादीवर सुरक्षित ठेवून दोन मिनिटं खोलीबाहेर जाऊन या. थोडं रडलं तर काही होत नाही. पण रागाच्या भरात कधीही गदागदा हलवू नका, त्याने मेंदूला इजा होते. ताप, सतत उलट्या, दूध तोडणं, सुस्ती किंवा शू कमी होणं यातलं काही असेल तर ते रडणं वेगळं, लगेच दाखवा.

आणि तुम्ही रात्री बसून राहायचात असं लिहिलंय, "फार लागतं" म्हणताय. झोप उडणं, कशातच मन न लागणं असं चालूच राहिलं तर डॉक्टरांशी बोला. बाळंतपणानंतरचं नैराश्य बाबांनाही येतं, कुणी विचारत नाही इतकंच. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मोफत, मराठीतही बोलतात.

पोस्टातला कर्मचारी

रजेबद्दल. आम्हा केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना १५ दिवस पितृत्व रजा मिळते, आणि ती बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत कधीही घेता येते. मी बारशाला साठवलेली रजा वापरली आणि ती मोठी रजा बायको माहेरून आल्यावर घेतली, फार उपयोग झाला. खासगीत तसा कायदाच नाही, कंपनी देईल ते. तरी एचआरला लेखी विचारा, काही ठिकाणी बिनपगारीऐवजी अर्धा दिवस घरून काम करायची मुभा मिळते.

माझं मत, निदान एक आठवडा तिची रजा चालू असतानाच घ्या. ती घरात आहे, पण काम तुमचं, अशी रंगीत तालीम होऊ दे. शिवाय मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत आईला कामाच्या वेळेत दोनदा पाजण्यासाठी सुट्टी मिळण्याची कायद्यात तरतूद आहे, आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराचीही. तिच्या ऑफिसात हे कुणी आपणहून सांगणार नाही, अर्जात लिहा. त्या वेळात ती दूध काढू शकेल.

नातवंडांची आजी

घुटीवर लिहिते, कारण मी स्वतः चार मुलांना दिली आहे आणि नातवाला दिलेली नाही. मध वर्षाच्या आत अजिबात द्यायचा नाही, त्यातल्या जंतूंचं विष तान्ह्या बाळाला बाधू शकतं. सहाण, हात, मुळ्या कितीही धुतल्या तरी पोटात जंतू जायची भीती राहतेच. आमच्या वेळी हे कुणी सांगितलं नव्हतं.

पण हे जावयाने फोनवर सांगू नका. तुमच्या सासूबाई पुढच्या वेळी आल्या की त्यांना बाळाबरोबर दवाखान्यात न्या, आणि तो प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या. मला माझ्या सुनेने असंच नेलं होतं. डॉक्टरांनी माझ्याशी नीट बोलून कारण सांगितलं, माझा मान राहिला आणि मला पटलं. त्यांच्या हाताला दुसरं काम द्या. सहा महिन्यांनी नाचणीचं सत्त्व लागेल, ते घरी भिजवून, मोड आणून, वस्त्रगाळ करून पाठवायला सांगा. त्यात साखर, मीठ मात्र वर्षापर्यंत नको. उष्टावणाला मामाला आणि त्यांना आवर्जून बोलवा.

तुमच्या आईलाही एकदा जवळ बसवून घ्या. अंघोळ तिच्याकडून शिका. ती शिकवेल तर मग "कसं सांभाळता येईल" म्हणणार नाही.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. बायकोने पण सगळे प्रतिसाद वाचले. सासूबाईंना दवाखान्यात न्यायची कल्पना तिला लगेच पटली, पुढच्या आठवड्यात त्या येतच आहेत.

रजेचा अर्ज केला आहे. पहिला आठवडा तिच्या रजेत, बाकीची ती रुजू झाल्यावर. सकाळचा तास सुरू केलाय. ती खाली बागेत जाऊन बसते. पहिल्यांदा तो बराच रडला, पण शेवटी माझ्या छातीवरच झोपला, आणि ती परत आली तेव्हाही झोपलेला होता. पळीने अजून निम्मं दूध बाहेरच येतं, पण निम्मं आत जातंय.

एक शंका राहिली. आमच्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये पाय पसरून बसायला जागाच नाही. खोलीत मेणकापड घालून करता येईल का, की टब बरा? टब वापरत असाल तर या वयात पाणी किती घेता आणि एकट्याने मान कशी सावरता, ते कृपया सांगा. आई पुढच्या सोमवारी येतेय, तोपर्यंत सामान आणून ठेवायचंय.