मदत हवी आहे: इरोक्वॉय परिषदेची जुनी कागदपत्रं कुठे मिळतील?

मंडळी, अमेरिकन मानवशास्त्रज्ञ विल्यम फेंटन यांनी 1945 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रेड हाऊस इथे इरोक्वॉय (उत्तर अमेरिकेतले मूळनिवासी) लोकांच्या अभ्यासकांची पहिली परिषद भरवली. या परिषदांवर मी लिहितोय. मला हवा आहे तो 1970 च्या आसपासचा काळ. इरोक्वॉयांपैकीच ओनोंडागा लोक आपले वॅम्पम पट्टे (शिंपल्यांच्या मण्यांचे, करारांची आठवण जपणारे पट्टे) न्यूयॉर्क राज्य संग्रहालयाकडून परत मागत होते आणि फेंटन यांनी 1971 मध्ये, पट्टे संग्रहालयातच राहावेत, असा लेख लिहिला. (शेवटी 1989 मध्ये बारा पट्टे परत गेले.) हा वाद परिषदेत कसा रंगला, कोण काय बोललं, हे शोधतोय.

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे 1951 आणि 1961 चे दोन निबंधसंग्रह ऑनलाइन वाचून झाले, पण ते या वादाच्या आधीचे. फेंटन यांची कागदपत्रं फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीत आहेत. सूची चाळली, पण नुसत्या खोक्या-फोल्डरच्या नावांवरून आत काय असेल ते कळत नाही.

अडचण अशी की मी पुण्यात, कुठल्याही विद्यापीठाशी संलग्न नाही आणि तिकडे जाणं परवडणारं नाही. इरोक्वॉयांचे मुखवटे किंवा विधींबद्दलचं काहीही नकोय. ते त्या लोकांचं खाजगी, त्यात मला शिरायचं नाही. फक्त कार्यक्रमपत्रिका, इतिवृत्त आणि पत्रव्यवहार पुरे. 'सोसायटीला थेट मेल टाक' म्हणणार असाल, तर टाकणारच आहे; पण मोघम विचारलं तर उत्तरही मोघमच येतं.

त्या सोसायटीकडून कुणी स्कॅन मागवले आहेत का? संलग्नता नसलेल्याला देतात का, आणि विनंतीत नेमकं काय लिहावं?