मळ्यात राहून वर्क फ्रॉम होम करणारे लाईटचं काय करता?

मळेकर_तासगाव
नमस्कार मंडळी. पुण्यातली रूम सोडून गेल्या महिन्यात गावी आलोय, तासगावच्या पुढं आमची द्राक्षबाग आहे तिथंच मळ्यात राहतो. सगळं झकास आहे फक्त लाईट टिकत नाही. दिवसातनं पाच-सहा वेळा जाते, कधी दहा मिनिटं कधी तीन तास, आणि वळवाचं नुसतं आभाळ आलं तरी जाते, थेंब पडायची पण वाट बघत नाही. काल क्लायंटला स्क्रीन दाखवत होतो, पंखा कुईकुई करत थांबला, नेट गेलं, मोबाईलला रेंजची एक काडी. बांधावर जाऊन हात वर करून मीटिंग संपवली, शेजारच्या काकूंना वाटलं मी त्यांनाच बोलवतोय. आण्णांचं म्हणणं आम्ही कंदिलात शिकलो, तुला काय होतंय. इन्व्हर्टर घेऊ का डायरेक्ट छतावर सोलर टाकू? बजेट ३०-४० हजार.

पाटणचा_पाव्हणा
तुमचं तरी ठीक म्हणायचं. आमच्या तालुक्यात कोयना धरण, १९६० मेगावॅटचा प्रकल्प, वर वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या गरागरा फिरत्यात, आणि पावसाळ्यात आम्ही मेणबत्ती शोधतोय. धरण उशाला अंधार घराला 😄 पण खरं सांगायचं तर वीज कमी पडली म्हणून नाही जात ओ, कोयनेची वीज जाते ग्रीडमध्ये, म्हणजे विजेच्या मोठ्या जाळ्यात, आणि आपल्याला येते ती गावच्या तारेवरनं, तिथं एक फांदी टेकली की फीडर, म्हणजे सबस्टेशनातनं गावाला येणारी लाईन, ट्रिप होऊन बंद. पहिल्या पावसात हमखास जाते त्याला पण कारण आहे, उन्हाळाभर खांबावरच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर धूळ बसलेली असते ती ओली झाली की करंट तिथनं गळायला लागतो, आणि तापलेल्या इन्सुलेटरवर गार पाणी पडलं की तडा जातो. मग वायरमन बिचारा एकेक खांब बघत चिखलातनं हिंडतो. त्याला शिव्या घालू नका, त्याचा नंबर सेव्ह करा.

कॉइलवाला_विटा
आधी सांगा गावठाणाच्या फीडरवर आहात का शेतीच्या? मळ्यात म्हणजे बहुतेक शेतीच्याच. मग थ्री फेज गेलं की सिंगल फेजवर कोणीतरी कंडेन्सर लावून मोटर ओढणार आणि तुमचं व्होल्टेज १५०-१६० वर बसणार. हे मुद्दाम सांगतोय कारण इन्व्हर्टरच्या मागं एक छोटं बटण असतं, यूपीएस मोड (लाईट गेली की झटकन बॅटरीवर जातो, कॉम्प्युटर बंद पडू नये म्हणून) आणि साधा मोड. यूपीएस मोडवर ठेवलं तर १८० च्या खाली आलं की त्याला वाटतं लाईट गेली, आणि लाईट असून बॅटरी रिकामी होते. गिऱ्हाईक मला फोन करतंय बॅटरी खराब दिली म्हणून! लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहेच, तुम्ही बिनधास्त साध्या मोडवर ठेवा.
हिशोब सोपाय. १५० एएचची (अँपिअर-तास) ट्युब्युलर बॅटरी म्हणजे १२ व्होल्टनं १८०० वॅट-तास, तूट धरून हाताला १२०० लागतील. पंखा ७५, लॅपटॉप ६०, राउटर १०, दोन बल्ब १८, झाले १६० च्या आसपास, म्हणजे नवीन असताना सात तास जातंय. पंखा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, घेतला की तोच ३० वॅटवर येतो, मग दहा तास. मिक्सर, मोटर, इस्त्री त्यावर लावायची नाही हे घरात सगळ्यांना सांगा, आईंना दोनदा सांगा. दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर, नळाचं नको.

इस्लामपूरची_सून
सोलरवाल्याच्या बोलण्याला भुलू नका, आम्ही भुललोय. केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेतनं छतावर ३ किलोवॅट टाकलं, ७८ हजार सबसिडी मिळाली, बिल जवळजवळ शून्य, त्याबद्दल तक्रार नाही. पण पहिल्यांदा भर दुपारी लाईट गेली आणि घरात सगळं बंद! मी म्हटलं अहो वर एवढं ऊन आहे की. तेव्हा कळलं की ऑनग्रीडवालं, म्हणजे बॅटरीशिवाय थेट लाईनीला जोडलेलं, लाईट गेली की आपोआप बंद होतं, नाहीतर आपली वीज उलटी तारेत जाऊन वर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसेल. बरोबरच आहे ते, पण विकताना कोणी सांगितलं नाही. बॅटरीवालं हायब्रिड वेगळं, ते तुमच्या बजेटात बसणार नाही.
आणि एक, इन्व्हर्टर आणला तरी नेट राहील असं नाही. आमचा राउटर चालू, हिरवा दिवा पण लागलेला, नेट गायब. केबलवाल्याचा डबा, ज्यातनं घरोघरी नेट जातं, तो गल्लीच्या टोकाला होता त्याला बॅकअपच नव्हता. ह्यांनी त्याच्या मागं लागून तिथं छोटी बॅटरी बसवून घेतली, पैसे चार घरांनी वाटून.

मळेकर_तासगाव
ताई, तुमचं वाचून तसाच उठलो. आमचा डबा निघाला चौकातल्या पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर, आणि वायर सरळ गिरणीच्या बोर्डातनं घेतलेली, म्हणजे गिरणीवाल्यानं जेवायला जाताना मेन स्विच पाडला की माझं नेट बंद! गेला महिनाभर दुपारी एक ते दोन मी उगाच लाईटच्या नावानं बोटं मोडत होतो. केबलवाला उद्या येतो म्हणालाय, बघू. विटेकर, बॅटरी १५० चीच घेतो. फीडर शेतीचाच आहे, आत्ता थ्री फेज आलंय, आण्णा मोटर चालू कर म्हणून ओरडायलेत, पळतो.