कोटिंग: लेप, मुलामा की पुट?

तळटीप: पेशीसंवर्धनाच्या, म्हणजे प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याच्या, सूचना मराठीत आणतेय. 'डिशला कोलॅजनचं (पेशींना चिकटायला मदत करणारं प्रथिन) कोटिंग करा' याचं 'लेप लावा' केलं, तर तपासणाऱ्यांनी खोडलं. मग काय लिहावं?

काचपात्र: खोडलं ते योग्यच. लेप म्हटला की तो वाळू द्यायचा, हे वाचणाऱ्याच्या डोक्यात पक्कं असतं. इथे ३५ मिमी डिशमध्ये १ मिली द्रावण ओतायचं: ०.०२ मोलर ॲसिटिक आम्लात कोलॅजन, मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम. तासभर खोलीच्या तापमानाला ठेवायचं, द्रावण ओढून टाकायचं, पीबीएसने (फॉस्फेट मिसळलेलं खारं पाणी) दोन-तीनदा धुवायचं. तळाला धरून राहिलं तेवढंच कोटिंग. न धुता वाळवलं तर आम्ल तिथे उरून पेशींना घातक ठरू शकतं.

सुभाषित: मुलामा म्हणा की! पातळ थर, आत दुसरंच काही.

रानजाई: मुलामा मूळचा अरबी, चकाकीशी जोडलेला. कोलॅजन कुठे चकाकतं? पुट बरा.

काचपात्र: पुटावर पुट चढतं. इथे तळावरची जागा भरली की थर वाढायचा जवळजवळ थांबतो.

सुभाषित: मग सरळ 'अधिशोषण'. कोशात आहे.

रानजाई: कोशात आहे, तोंडात नाही. निम्मे लोक त्याला अवशोषण समजतील.

काचपात्र: दोन्ही लागतात हो. पीडीएमएसच्या (एक सिलिकॉन रबर) चिपवर, म्हणजे पेशी वाढवायच्या छोट्या पट्टीवर, प्रथिनं पृष्ठभागावर बसतात, ते अधिशोषण. पाण्याला नाखूश असलेली छोटी औषधं त्या रबरातच मुरतात, ते अवशोषण. पेशींना औषधाची मात्रा कमी का पडली याचं उत्तर बऱ्याचदा दुसऱ्यात सापडतं.

तळटीप: म्हणजे 'वाळवू नका' असं सगळीकडे लिहू?

काचपात्र: नको. पॉलिलायसिन (कोटिंगचाच आणखी एक पदार्थ) धुतल्यावर वाळवलेलं चालतं. मात्र धुणं चुकवू नका, सुटं राहिलेलं पॉलिलायसिन पेशींना विषारी असतं. फायब्रोनेक्टिन हे प्रथिन शक्यतो वाळवू नये आणि जोरात हलवूही नये, गुठळ्या होतात.

सुभाषित: 'पेशी' काय सारखं? विश्वकोशात 'कोशिका' आहे.

रानजाई: शाळेच्या पुस्तकात पेशीच आहे, आणि कोशिका हिंदीतही चालतो.

सुभाषित: हिंदीत चालतो म्हणून टाकायचा? शब्द संस्कृत आहे.

तळटीप: आणि अल्ब्युमिन या प्रथिनाचं 'ब्लॉकिंग'? १ टक्का, अर्धा तास. तोही थरच, पण उरलेल्या जागेवर काही चिकटू नये म्हणून.

रानजाई: त्याला 'लिंपण' चालेल. भेगा बुजवतात तसं.

काचपात्र: लिंपण आणि लेप एकाच धातूतले. फिरून तिथेच आलो.