विषय: आम्ही दोघं पुण्याला चाललोय, मुलं इथेच राहणार – विल, गार्डियन वगैरे कागद

नमस्कार मंडळी,

सासूबाईंचं पुण्यात ऑपरेशन आहे आणि या वेळी आम्हा दोघांनाही जावं लागतंय. मुलं ९ आणि ६ वर्षांची, शाळा बुडवायची नाही म्हणून इथे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटमधेच एका मैत्रिणीकडे राहतील. तिकिटं काढल्यापासून माझ्या डोक्यात एकच चाललंय, आम्हा दोघांना एकदम काही झालं तर पोरांचं काय? विल (मृत्युपत्र) नाही, ट्रस्ट नाही. इथलं घर दोघांच्या नावावर, दोघांचे ४०१-के (नोकरीतली निवृत्तीची खाती), नवऱ्याचा इन्शुरन्स, आणि कोथरूडला एक फ्लॅट जो फक्त त्याच्या नावावर आहे. दोघंही ग्रीन कार्डवर. नवरा म्हणतो सगळं आपोआप एकमेकांना मिळतं. खरंच मिळतं का? आणि जायच्या आधी नेमकं काय करून जाऊ?

– फ्रीमाँटहून

––––––

ताई,

सगळ्यात आधी मैत्रिणीच्या हातात एक चिठ्ठी द्या, दोघांच्या सहीची. आमच्या गैरहजेरीत मुलांच्या औषधोपचाराला संमती द्यायचा अधिकार हिला देतोय, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, एवढं त्यात स्पष्ट लिहा. कॅलिफोर्नियात आईवडील असा अधिकार लेखी देऊ शकतात. सोबत इन्शुरन्स कार्डाची कॉपी, डॉक्टरचा नंबर, ॲलर्जी असेल तर ती. नोटरी केली तर उत्तमच. हा कागद तुम्ही जिवंत असतानाच लागणार आहे, धाकट्याने हात मोडून घेतला तरी लागेल, म्हणून तो पहिला.

मग विल. वकिलाची तारीख जायच्या आधी मिळाली नाही तर हाताने लिहा. आपल्या राज्यात स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं आणि सही केलेलं विल साक्षीदारांशिवायही चालतं, पण मजकूर हातानेच लिहिलेला हवा, टाइप करून नुसती सही केली तर दोन साक्षीदार लागतात. नवरा-बायकोने वेगवेगळं लिहायचं. तारीख घाला, मुलांचा गार्डियन कोण ते नावानिशी लिहा. शेवटचा शब्द कोर्टाचा असतो, पण आईवडिलांनी कोणाचं नाव लिहिलंय याला कोर्ट खूप वजन देतं, आणि काहीच लिहिलं नसेल तर जज तुमच्या घरातल्या कोणालाच ओळखत नसतो.

आता नवऱ्याच्या 'आपोआप'बद्दल. घराची डीड (मालकीचा कागद) काढून बघा. जॉइंट टेनन्सी किंवा राइट ऑफ सर्व्हायव्हरशिप असं लिहिलेलं असेल तर एक गेल्यावर दुसऱ्याला घर कोर्टाशिवाय मिळतं. तसं नसेल तरी जोडीदारासाठी कोर्टात त्यातल्या त्यात सोपा अर्ज असतो. खरी अडचण दोघं गेल्यावर. १२ लाख डॉलरचं घर प्रोबेटमधे (कोर्टामार्फत होणाऱ्या वाटणीत) गेलं तर कायद्याने ठरलेली वकिलाची फी २५ हजार डॉलर, आणि एक्झिक्युटरने (विल अमलात आणणाऱ्याने) फी घेतली तर त्याचीही तेवढीच. ही फी घराच्या पूर्ण किमतीवर लागते, त्यातलं ८ लाख कर्ज असलं तरी ते वजा होत नाही. पोरांच्या वाट्याचे पैसे आहेत हे! लिव्हिंग ट्रस्ट (मुलांसाठी मालमत्ता जिवंतपणीच ज्याच्या नावे करून ठेवतात ती व्यवस्था) करायचा तो यासाठी. पण ट्रस्टची जाडजूड फाइल कपाटात ठेवून भागत नाही, घराची डीड ट्रस्टच्या नावे करून काउंटीच्या (जिल्ह्याच्या) ऑफिसात रेकॉर्ड व्हायला हवी, ते राहिलं तर घर परत प्रोबेटलाच जातं. वकिलाला हे शेवटपर्यंत करून द्यायला सांगा.

आणि बेनिफिशियरी फॉर्म. इन्शुरन्स, आयआरए (स्वतः उघडलेलं निवृत्तीचं खातं), ४०१-के यांना विल लागू होत नाही, फॉर्मवर जे नाव आहे त्याला पैसे जातात (४०१-केमधे मात्र जोडीदाराने लेखी संमती दिली नसेल तर सहसा जोडीदारालाच). आमच्या ओळखीतल्या एका घरात लग्नाआधी उघडलेल्या आयआरएवर वडिलांचं नाव तसंच राहिलं होतं, कंपनीने पैसे त्यांनाच दिले, बिचारे सासरे सुनेला कसे द्यायचे म्हणून धावपळ करत बसले. जोडीदारानंतरच्या दुसऱ्या नंबरला लहान मुलांची नावं थेट टाकू नका. मायनरच्या हातात कंपनी चेक देत नाही, सहसा कोर्टाने माणूस नेमावा लागतो, आणि मूल १८ चं झालं की सगळी रक्कम एकदम त्याच्या हातात. तिथे ट्रस्टचं नाव टाका.

– सनीव्हेलचा काका

––––––

काकांनी छान लिहिलंय. मी टॅक्सचं काम करते म्हणून दोनच गोष्टी.

एक, सिटिझन जोडीदाराला कितीही दिलं तरी फेडरल इस्टेट टॅक्स (माणूस गेल्यावर मालमत्तेवर लागणारा) लागत नाही, पण ही सवलत मिळणाऱ्याच्या सिटिझनशिपवर आहे, ग्रीन कार्डवर नाही. तुम्ही ग्रीन कार्डवर इथेच कायम राहणार असाल तर तुमची स्वतःची सूट सिटिझनएवढीच, २०२६ साठी दीड कोटी डॉलर, त्यामुळे आपल्यासारख्या बहुतेकांना काळजी नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि आपल्या मराठी मंडळात याबद्दल कोणी बोलत नाही. जे सिटिझन नाहीत आणि कायमचे परत जातात किंवा ज्यांचा मुक्काम इथे कायमचा धरला जात नाही, त्यांना इथल्या मालमत्तेवर सूट फक्त ६० हजार डॉलरची! वरच्या रकमेवर टॅक्स ४० टक्क्यांपर्यंत चढतो. भारताने इस्टेट ड्यूटी १९८५ मधेच बंद केली त्यामुळे परत गेलेल्या माणसाच्या हे ध्यानीमनीही नसतं, आणि अमेरिकन कंपन्यांचे शेअर इथल्या अकाउंटमधे तसेच पडून असतात. परत जायचा विचार असलेल्यांनी कृपा करून जायच्या आधी कोणाला तरी विचारा.

– कुपर्टिनोहून

––––––

नमस्कार, मी इथे यायच्या आधी पुण्यात वकिली करत होते, म्हणून कोथरूडच्या फ्लॅटबद्दल लिहिते.

इथलं विल भारतातल्या फ्लॅटला चालवता येतं पण वारसांना ते सिद्ध करताना फार त्रास होतो. भारतातल्या मालमत्तेसाठी वेगळं मृत्युपत्र करा, आणि हे नीट वाचा – दोन्हीकडच्या तयार फॉर्ममधे 'याआधीची माझी सर्व मृत्युपत्रं रद्द करतो' असं वाक्य असतं. ते तसंच ठेवलं तर पुण्यात केलेल्या कागदाने इथला कागद रद्द होतो. एकात 'फक्त भारतातील मिळकतीपुरतं' आणि दुसऱ्यात 'भारतातील मिळकत वगळून' असं लिहून घ्या, आणि इथल्या वकिलाला भारतातलं मृत्युपत्र दाखवा.

मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने तो फ्लॅट एकट्या बायकोला मिळत नाही. बायको, दोन्ही मुलं आणि आई, चौघांना सारखा वाटा. म्हणजे ताई, तुमच्या सासूबाईंचाही चौथा हिस्सा, आणि मुलं अज्ञान (१८ च्या आतली) असेपर्यंत त्यांचा हिस्सा विकायला जिल्हा न्यायालयाची परवानगी. सोसायटीत नॉमिनी म्हणून तुमचं नाव असलं तरी नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, सोसायटीपुरता विश्वस्त. सुप्रीम कोर्टाने इन्शुरन्सच्या बाबतीत हे १९८३ मधे सांगितलं (इन्शुरन्सपुरता कायदा पुढे २०१५ मधे बदलला), शेअर्सच्या बाबतीत २०२३ मधे, तरी आपल्याकडे लोक नॉमिनेशन केलं की निर्धास्त होतात.

जाताच आहात तर तिथेच करून या. दोन साक्षीदार लागतात, ज्यांना काही मिळणार नाही असे, आणि शक्यतो तुमच्यापेक्षा वयाने लहान. एक्झिक्युटर पुण्यात राहणारा ठेवा. स्टॅम्प ड्यूटी नाही, रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही पण सब-रजिस्ट्रारकडे करून घ्या, पुढे कोणी सहीवर शंका घेतली तर उपयोगी पडतं. दिरांना पॉवर ऑफ ॲटर्नी दिली असेल तर तिच्यावर विसंबू नका, माणूस गेला की ती संपते. इथली ड्युरेबल पॉवर ऑफ ॲटर्नी माणूस बेशुद्ध असतानाही चालते, भारतातली तशी चालत नाही.

सासूबाईंशीही बोला, पण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नको, चार दिवस आधी शांतपणे, आणि मुलाने बोलावं, सुनेने नाही, कारण आपल्याकडे हा विषय काढला की 'माझ्या जाण्याची वाट बघताय का' हे वाक्य ठरलेलं. लिव्हिंग विल (बरं व्हायची आशा नसेल तर उपचार किती करायचे ते आधीच लिहून ठेवणं) आता भारतातही करता येतं, २०१८ च्या निकालात मॅजिस्ट्रेटची अट होती, २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर पुरतो.

– सॅन रॅमोनहून

––––––

मधेच लिहितोय, विषय जवळचा आहे म्हणून. ज्यांची मुलं या वर्षी कॉलेजला चाललीत त्यांनी मुलांकडून हेल्थ केअर डायरेक्टिव्ह (आपल्या उपचाराचे निर्णय कोणी घ्यायचे तो कागद) सही करून घ्या. १८ पूर्ण झाले की हॉस्पिटल आईवडिलांना फोनवर काही सांगायला बांधील नसतं, फी आपण भरत असलो तरी.

– डब्लिनहून (कॅलिफोर्नियातल्या)

––––––

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, डीड बघितली, राइट ऑफ सर्व्हायव्हरशिप आहे, जीव भांड्यात पडला. मैत्रिणीची चिठ्ठी झाली. हाताने विल लिहायला बसलो आणि गार्डियनच्या नावावर अडलो. माझा भाऊ ठाण्यात असतो, त्याच्याइतकं पोरांवर माया करणारं कोणी नाही, पण तो तिथे आणि मुलं जन्माने इथली. मैत्रीण इथे आहे पण तिच्यावर कायमचं एवढं ओझं कसं टाकू?

– फ्रीमाँटहून

––––––

दोघांचीही नावं लिही गं. भाऊ कायमचा गार्डियन, आणि तो येईपर्यंत तात्पुरती मैत्रीण, असं स्पष्ट लिहिता येतं. त्याला व्हिसा काढून यायला वेळ लागणार आणि ती पहिली रात्र मुलांनी अनोळखी माणसांकडे काढू नये एवढ्यासाठीच तिचं नाव आहे, हे तिला असंच सांग, ती नाही म्हणणार नाही. मुलांचे पासपोर्ट आणि ओसीआय कार्डं (भारतात जायला व्हिसाऐवजी चालतात ती) तिच्याकडे ठेवून जा, म्हणजे भावाबरोबर जायची वेळ आली तर अडणार नाही. पैसे सांभाळणारा मात्र तिसराच नेम, इथला, हिशोबात पक्का. ज्याच्या घरात पोरं वाढतायत त्यालाच रोज पैशाचा जाब द्यावा लागला तर नात्यात कडवटपणा येतो, माझ्या माहेरी हे झालेलं आहे.

आणि भावाला विचारताना वहिनीला पण त्याच फोनवर घे. मुलं तिच्या घरात येणार आहेत, होकार तिचाही हवा. नाव त्यानंतर लिही.

ट्रस्टचं परत आल्यावर निवांत करा. त्यासोबतच्या नव्या विलला साक्षीदार लागले तर शनिवारी मराठी शाळेत आम्ही दोघं असतोच.

– मिलपिटासहून