बीएस६ गाडीच्या डिझेलमध्ये टू-टी ऑइल टाकायचं का?

कांदा_लोड: नमस्कार मंडळी, माझी बीएस६ (नव्या प्रदूषण नियमातली) दहा टायर ट्रक आहे, लासलगावहून कांदा भरून हैदराबादला जाते. महिन्याभरात दोनदा चढाला पिकअपच गेला, चेक लाइट लागली, गाडी ओढेचना. फिल्टर खोलला तर खाली पाणी आणि काळा चिकट गाळ. मिस्त्री म्हणतो डिझेलमधलं सल्फर काढलंय म्हणून पंप, नोझल कोरडे चालतात, दर टाकीला अर्धा लिटर टू-टी (टू-स्ट्रोक गाड्यांचं इंजिन ऑइल) टाक. दुकानदाराने तर अॅडिटिव्हची बाटलीच हातात ठेवली. काय करू?

नोझलवाला: भाऊ, फिल्टरमध्ये पाणी दिसतंय आणि तुम्ही तेल शोधताय. मिस्त्रीचं अर्धं खरं आहे. बीएस४ ला सल्फर ५० पीपीएम चालायचं, एप्रिल २०२० पासून १० च्या आत. पण ते काढताना डिझेलचा वंगणपणा जातो हे रिफायनरीवाल्यांना माहीत असतं ना, तिथंच त्याचं अॅडिटिव्ह पडतं. टू-टी जळून राख होते, ती डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणारी जाळी) बसते आणि रीजनरेशन करून, म्हणजे जाळी तापवून काजळी जाळली तरी ती राख जळत नाही. मग जाळी काढून साफ करा नाहीतर नवीन बसवा, खर्च विचारून बघा एकदा.

जुना_सोळातेरा: आम्ही तर रॉकेल पण घातलंय, गाडी काळा धूर सोडत पण घाट चढायची 😀

नोझलवाला: काका, जुन्या गाडीच्या डिझेल पंपाला चालायचं. आता कॉमन रेलमध्ये (सगळ्या नोझलना डिझेल देणारा एकच पाइप) दीड-दोन हजार बार प्रेशर असतं, तिथं पाण्याचा थेंब पण नोझल खातो.

हायवे_माणूस: काळा चिकट गाळ म्हणजे बहुतेक जंतू. पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि पाणी-डिझेल जिथं मिळतं तिथं ते वाढतात. टाकी उतरवून धुवा, फिल्टर नवीन टाका, मग हवं तर एकदा जंतू मारायचं औषध, बाकी बाटल्या राहू द्या. सेपरेटरचा (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा फिल्टर) ड्रेन रोज सकाळी गाडी चालू करायच्या आधी थोडा सोडा, पावसाळ्यात तर नक्कीच. रात्री टाकी अर्धी ठेवून गाडी उभी करू नका, आत दव धरतं. पंपावर टँकर खाली होत असेल तर पुढच्या पंपावर जा, तळाचं सगळं ढवळून वर आलेलं असतं. डेन्सिटी चेक करून मागा, हायड्रोमीटर त्यांच्याकडे असतोच, रीडिंग १५ डिग्रीला बदलून घ्या, बोर्डावरच्या आकड्यात आणि त्यात ३ (किलो प्रति घनमीटर) पेक्षा जास्त फरक नको. आणि रोडच्या कडेला बायोडिझेल म्हणून जे स्वस्तात मिळतं ते काय असतं ते विकणाऱ्याला पण माहीत नसतं. ड्रायव्हरला प्रेमाने विचारा, ओरडून नको, ओरडलं की सांगत नाहीत.

कांदा_लोड: विचारलं. बाहेरचं एकदा पण घेतलं नाही म्हणतो, आणि मला खरं वाटतंय, कारण टाकीच्या झाकणाचं रबर बघितलं तर निम्मं गायबच. अख्खा पावसाळा पाणी तिथूनच गेलं असणार. रबर ऐंशी रुपयाला मिळालं, टाकी उद्या उतरवतोय. बाटली दुकानदार परत घेत नाही.

जुना_सोळातेरा: मला द्या, ट्रॅक्टरला घालतो.

नोझलवाला: काका 🙏