कमी खर्चात घरासाठी टेबल फॅन घेताना नेमके काय पाहावे?

प्रश्न (टोपणनाव) : मधली खोली

नमस्कार. आमच्या घराच्या मधल्या खोलीत छताचा पंखा बरोबर मध्यावर आहे. परंतु वडिलांची खाट एका भिंतीलगत आणि मुलीचे अभ्यासाचे टेबल समोरच्या कोपऱ्यात असल्यामुळे दोघांपैकी कोणालाच धड वारा लागत नाही. त्यासाठी एक टेबल फॅन घ्यायचा आहे. हाताशी असलेली रक्कम बेताची आहे आणि घेतलेला पंखा निदान सात-आठ वर्षे टिकावा अशी अपेक्षा आहे, कारण आधीच्या पंख्याची मान दुसऱ्याच उन्हाळ्यात फिरायची थांबली आणि तिसऱ्या उन्हाळ्यात तो नुसता गुणगुणू लागला. पाते काडीने ढकलल्याखेरीज सुरूच होईना, म्हणून शेवटी भंगारात दिला.

दुकानात तीन पर्याय दाखवले. पहिला 230 मिलिमीटर पात्याचा लहान पंखा, सर्वांत स्वस्त. दुसरा 400 मिलिमीटरचा, तीन वेगांचा, नेहमीच्या मोटारीचा. तिसरा तेवढ्याच आकाराचा, पण बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, इलेक्ट्रॉनिक पाटीने चालणाऱ्या) मोटारीचा आणि रिमोटसह. त्याची किंमत दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. वडिलांची झोप फार सावध असल्यामुळे लहान पंखाच शांत ठरेल असे मला वाटते. हे बरोबर आहे का? शिवाय ओळखीच्या एका कुटुंबाकडे वापरलेला पंखा अगदी अल्प किमतीत मिळतो आहे. तो घ्यावा का, आणि घ्यायचा झाल्यास काय तपासावे, हेही कृपया सांगावे.

उत्तर : तांब्याची तार

मी गेली अनेक वर्षे मोटारींचे वाइंडिंग (आतल्या तारेची वेटोळी भरणे) आणि पंख्यांची दुरुस्ती करतो, त्यामुळे आपला जुना पंखा भंगारात गेल्याचे वाचून हळहळ वाटली. गुणगुणणारा आणि ढकलल्यावर सुरू होणारा पंखा बहुतेक वेळा मेलेला नसतो. त्याचा कंडेन्सर, म्हणजे कपॅसिटर, उतरलेला असतो. घरातल्या एकफेजी विजेवर चालणाऱ्या मोटारीला स्वतःहून फिरायला लागण्यासाठी दुसऱ्या वेटोळ्यात थोडा पुढेमागे सरकलेला प्रवाह लागतो, आणि तो हा डबीएवढा भाग पुरवतो. टेबल फॅनमध्ये तो साधारण 1.5 ते 2.5 मायक्रोफॅरॅडचा असतो. त्याची क्षमता घटली की मोटारीत गुणगुण राहते, पण पाते उचलण्याचा जोर उरत नाही. तो बदलणे ही पंख्याच्या दुरुस्तीतील सर्वांत स्वस्त कामांपैकी एक आहे. मात्र वीज बंद असताना हातानेच पाते जड फिरत असेल, तर दोष कंडेन्सरचा नसून बुश, म्हणजे पात्याचा दांडा (शाफ्ट) ज्यात फिरतो ती नळी, कोरडे पडल्याचा असतो, हेही लक्षात ठेवावे.

म्हणूनच बेताच्या रकमेत पंखा घेताना माझ्या मते पहिला प्रश्न हा विचारावा की, तो उघडता येतो का आणि त्याचे सुटे भाग मिळतात का. रिमोट, दिवा, टायमर, चकचकीत रंग यांवर खर्च झालेला पैसा मोटारीतून कापलेला असतो, असे मी कितीतरी पंखे उघडून पाहिले आहे. मागचे झाकण साध्या स्क्रूने बसवलेले असावे, कंडेन्सर वेगळा काढता यावा आणि मान फिरवणारा गिअर स्वतंत्र मिळावा. हा गिअर बहुधा नायलॉनचा असतो आणि मोटारीच्या मागच्या शाफ्टवरील आट्यांवर फिरतो. तो झिजण्याचे मोठे कारण म्हणजे पंखा फिरत असताना मान हाताने धरून वळवणे, किंवा पंखा भिंतीला वा पडद्याला इतका चिकटून ठेवणे की प्रत्येक फेरीत मान अडावी. मान वळवायची असल्यास आधी वरची खुंटी ओढून फिरणे बंद करावे, एवढे पाळले तरी तो गिअर वर्षानुवर्षे टिकतो.

वाइंडिंग तांब्याचे आहे का, हे जरूर विचारावे. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या सुमारे 1.6 पट असतो, त्यामुळे तेवढ्याच जाडीच्या तारेत उष्णता अधिक होते. शिवाय त्याच्यावर ऑक्साइडचा थर चटकन चढत असल्याने सांधे नीट डाखता येत नाहीत आणि मोटार जळाल्यावर रिवाइंडिंग करणेही परवडत नाही. ॲल्युमिनियमची पुरेशी जाड तार वापरून चांगली मोटार बनवता येते, हे खरे आहे. परंतु स्वस्त पंख्यात ती काळजी घेतली आहे की नाही, हे दुकानात उभे राहून कळत नाही. खोक्यावर तांब्याचा स्पष्ट उल्लेख नसेल, तर तांबे नाही असेच मी धरतो. मोटारीत थर्मल फ्यूज आहे का, हेही विचारावे. पाते अडकून मोटार तापत राहिली तर हा फ्यूज वीज तोडतो, आणि आपल्याकडे पंखा रात्रभर वृद्ध व्यक्तीजवळ चालणार असल्यामुळे त्याचे महत्त्व अधिक आहे.

आता तपासणी. खोक्यातला सीलबंद पंखा तसाच उचलून आणू नये; जोडून, चालवून पाहावा. वीज लावण्यापूर्वी बोटाने पाते फिरवावे : ते रेंगाळत थांबले पाहिजे, एकदम अडखळून नव्हे. मग पात्याचा मध्य धरून आडवा हलवावा. शाफ्ट डावीउजवीकडे लडबडत असेल तर तो पंखा बाजूला ठेवावा. त्यानंतर थेट सर्वांत कमी वेगाचे बटण दाबावे, कारण जो पंखा कमी वेगावर स्वतःहून सुरू होतो त्याच्या कंडेन्सरविषयी आणि बुशविषयी निर्धास्त राहता येते. शेवटी पूर्ण वेगावर, मान फिरती ठेवून आणि तोंड खाली झुकवून पंधरा मिनिटे चालू द्यावा. मान एका टोकाला जाऊन परतताना टक असा आवाज येतो का, बैठक टेबलावर सरकते का, हे पाहावे, आणि मग मोटारीच्या मागच्या झाकणावर तळहात ठेवावा. कोमट किंवा बऱ्यापैकी गरम चालेल, पण हात चटकन काढावासा वाटला तर तो पंखा घेऊ नये. दुकानदार पंधरा मिनिटे थांबायला तयार नसेल, तर मी दुसरे दुकान पाहतो.

उत्तर : निवांत रात्र

आवाजाविषयीचा आपला अंदाज मात्र उलटा आहे. माझ्या आईचीही झोप अशीच सावध होती आणि मीही याच समजुतीने आधी लहान पंखा आणला होता. लहान पात्याला तेवढाच वारा देण्यासाठी फार वेगाने फिरावे लागते आणि पंख्याचा बराचसा आवाज पात्याच्या टोकाच्या वेगातूनच येतो. 400 मिलिमीटरचे पाते 230 मिलिमीटरच्या पात्यापेक्षा सुमारे तिप्पट क्षेत्र व्यापते. म्हणून मोठा पंखा सर्वांत कमी वेगावर ठेवला, तरी लहान पंखा पूर्ण वेगावर देतो त्याहून अधिक वारा, आणि तोही सौम्यपणे, मिळतो. आमच्याकडे लहान पंख्याची सूं-सूं रात्रभर कानाशी येत असे. मोठा आणल्यावर आई पहिल्याच रात्री पहाटेपर्यंत झोपली.

म्हणून दुकानात पूर्ण वेगाच्या आवाजाकडे फार लक्ष देऊ नये. आपल्याला रात्री जो वेग लागणार आहे, म्हणजे एक नंबर, तोच शांत आहे का ते पाहावे, आणि गजबजलेल्या दुकानात ते कळत नसल्यामुळे कान मोटारीच्या मागे नेऊन ऐकावे. वाऱ्याचा एकसुरी आवाज झोपेला सहसा बाधत नाही. थांबून थांबून येणारी टकटक किंवा जाळीची थरथर मात्र झोप मोडते. जाळीच्या दोन भागांना जोडणारी कडी सैल असणे हे या थरथरीचे नेहमीचे कारण असते आणि ती आवळली की बहुधा प्रश्न मिटतो.

वडिलांचे वय लक्षात घेता एक गोष्ट आवर्जून सांगते. पंखा हवा थंड करत नाही, तो केवळ घाम लवकर सुकवतो. बाहेर 40 अंश सेल्सिअसच्या वर तापमान असताना पंख्याचा वारा शरीर उलट तापवतो, म्हणून त्यापुढे पंख्यावर विसंबू नये असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. अशा दुपारी ओल्या फडक्याने अंग पुसणे आणि पाणी पाजत राहणे अधिक उपयोगाचे. संध्याकाळी बाहेरची हवा निवली की तोच पंखा उघड्या खिडकीजवळ आतल्या दिशेने तोंड करून ठेवावा. खोली निवण्यास त्याची चांगली मदत होते.

उत्तर : मीटरचा आकडा

तिसऱ्या पर्यायाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून हिशेब मांडतो. 400 मिलिमीटरचा नेहमीचा पंखा पूर्ण वेगावर साधारण 50 वॅट घेतो असे धरू. दिवसाला 10 तास म्हणजे अर्धे युनिट, 30 दिवसांत 15 युनिट. बीएलडीसी पंखा 28 वॅटचा असेल, तर तेवढ्याच वापरात 8.4 युनिट. महिन्याला 6.6 युनिट वाचतात. आता दोन्ही पंख्यांच्या किमतीतील फरकाला, वर्षभरात वाचणारी युनिट आणि आपला युनिटचा दर यांच्या गुणाकाराने भागावे. जे उत्तर येईल तेवढ्या वर्षांत जादा पैसे वसूल होतील. पंखा वर्षातून चारच महिने चालणार असेल तर वाचणारी युनिट 26 च्या आसपास राहतात आणि वसुली लांबते. बारा महिने चालणार असेल तर ती 79 च्या घरात जातात आणि गणित बदलते.

या हिशेबात बीएलडीसीच्या बाजूचा एक मुद्दा मात्र राहून जातो. हवा ढकलायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते, म्हणजे वेग निम्मा केला तर ती आठव्या हिश्शावर येते. नेहमीच्या मोटारीत वेग कमी केल्यावर उरलेली बरीच वीज मोटारीतच उष्णतेच्या रूपाने वाया जाते, त्यामुळे मीटरवर फरक थोडाच दिसतो. बीएलडीसी मोटार मात्र कमी वेगावर खरोखरच फार कमी वीज घेते. रात्रभर एक नंबरवरच पंखा चालणार असेल, किंवा घरात इन्व्हर्टर असून वीज गेल्यावरही पंखा दीर्घकाळ चालवायचा असेल, तर मी बीएलडीसीचाच विचार करीन.

उत्तर : तांब्याची तार

वरील हिशेब मला मान्य आहे, परंतु त्यात दुरुस्ती धरलेली नाही. बीएलडीसी पंख्यात कंडेन्सरऐवजी एक इलेक्ट्रॉनिक पाटी असते, आणि विजेचा दाब वरखाली होत असलेल्या ठिकाणी मोटार शाबूत राहून ती पाटीच जाते. ती सुटी मिळत असेल तर हरकत नाही. न मिळाल्यास पूर्ण पंखा टाकावा लागतो आणि वाचलेली सगळी युनिट त्यात जातात. म्हणून हमी किती वर्षांची आहे, यासोबत त्या हमीत पाटी धरली आहे का, हे लेखी पाहावे. ज्याची रक्कम ओढून ताणून जमणार आहे, त्याला मी आजही तांब्याच्या वाइंडिंगचा नेहमीचा पंखाच सुचवतो.

वापरलेल्या पंख्याविषयी सांगायचे राहिले. बुशचा खेळ (त्यातील शाफ्टची लडबड), वायरीचे आवरण आणि जाळी हे तिन्ही ठीक असेल तरच घ्यावा. 400 मिलिमीटरच्या पात्याचे टोक मिनिटाला 1300 फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे 27 मीटर वेगाने जात असते, आणि जुन्या काही पंख्यांच्या जाळीतून लहान मुलाचे बोट सहज आत जाते.

मधली खोली

सर्वांचे मनापासून आभार. काल आधी तो वापरलेला पंखा पाहून आलो. चालू केल्यावर तो छानच वाटला, पण सांगितल्याप्रमाणे पात्याचा मध्य धरून हलवला तेव्हा शाफ्ट स्पष्ट लडबडला, आणि वायर बैठकीत शिरते त्या जागी वाकवून पाहिली तर आवरणाला बारीक चिरा पडलेल्या दिसल्या. म्हणून तो घेतला नाही.

वर्षातले चार-पाच महिनेच वापर असल्यामुळे आणि घरात इन्व्हर्टर नसल्यामुळे शेवटी 400 मिलिमीटरचा, तांब्याच्या वाइंडिंगचा नेहमीचा पंखा घेतला. दुकानात पहिला नग जोडला तेव्हा मान उजवीकडून परतताना प्रत्येक वेळी टक असा आवाज येत होता. दुकानदाराने कुरकूर न करता दुसरा नग उघडला आणि तो पंधरा मिनिटे विनातक्रार चालला. मागचे झाकण कोमट होते. काल रात्री खाटेपासून दोन मीटरवर एक नंबरवर ठेवला. वडील मध्यरात्री एकदाही उठले नाहीत. दिवसा तोच मुलीच्या टेबलाशी जातो.

आता एकच शंका उरली आहे. धूळ पुसण्यासाठी पाते काढून कसे बसवायचे ते शिकून ठेवावे म्हणून वायर काढून जाळी उघडली, परंतु पात्यासमोरची प्लॅस्टिकची टोपी मी नेहमीच्या दिशेने फिरवतो तशी सैल होण्याऐवजी घट्टच होत चालली आहे. जोर लावावा का?

उत्तर : तांब्याची तार

जोर अजिबात लावू नये, आटे तुटतील. त्या टोपीचे आटे उलटे असतात, जेणेकरून पाते फिरताना ती आपोआप सुटू नये. म्हणून ती काढण्यासाठी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवावी. जाळी मोटारीवर धरून ठेवणारा मागचा मोठा नट मात्र सरळ आट्यांचा असतो, तो नेहमीप्रमाणेच उघडतो. पाते परत बसवताना त्याच्या मागची खाच शाफ्टमधील आडव्या पिनेत नीट बसली आहे, हे बोटाने चाचपून पाहावे आणि मगच टोपी आवळावी.