चर्चा: कोणत्या आठवड्यात काय शिकवायचं, हे कुणी ठरवायचं?

मेळघाटातली शिक्षिका
पहिली-दुसरी एकत्र, २३ मुलं. बहुतेकांच्या घरी कोरकू भाषा. ती मराठीच्या कुळातलीच नाही, मुंडा कुळातली आहे. साहेब भेटीला आले तेव्हा मी फळ्यावर ‘डा’ लिहून त्याखाली ‘पाणी’ लिहीत होते. कोरकूत पाण्याला डा म्हणतात. दोन महिने तोंड न उघडलेली एक मुलगी उठली, दोन्ही शब्दांखाली बोट फिरवून मोठ्यानं वाचलं. वरून आलेल्या वेळापत्रकात त्या आठवड्यात जोडाक्षरं होती. शेरेबुकात शेरा पडला: ‘नियोजनाप्रमाणे अध्यापन नाही.’
तिसरीअखेर काय यायला हवं ते सरकारनं जरूर ठरवावं. पण आठवडा मला ठरवू द्या.

निवृत्त केंद्रप्रमुख
ताई, तुमच्या वर्गाबद्दल शंका नाही. पण ‘मुलांच्या कलानं घेतो’ म्हणत चौथीपर्यंत हातच्याची वजाबाकीच न शिकवलेले वर्ग मी पाहिलेत. त्यात नुकसान झालं ते घरी अभ्यास घेणारं कुणी नसलेल्या पोरांचं. तिसरीअखेर प्रत्येक मुलाला वाचन-लेखन आणि अंकज्ञान यावं यासाठीचं निपुण भारत अभियान २०२१ मध्ये आलं, मुदत २०२६-२७. टप्पे आखले नाहीत तर मूल मागे पडलंय हे कळणार कधी? आठवडा सोडला की महिना सुटतो, मग वर्ष.

बीडचा गुरुजी
साहेब, माझी निम्मी मुलं दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात, उन्हाळ्यात परततात. त्यांचा कितवा आठवडा धरू? तरी एक कबूल करतो. एक पोरगी शिक्षण हमी पत्रक, म्हणजे स्थलांतर करणाऱ्या मुलाबरोबर जाणारा शाळेचा कागद, घेऊन परतली. कारखान्याजवळच्या शाळेतल्या बाईंनी तिचं वाचन कुठवर आलं ते त्यावर लिहिलं होतं. मी तिथूनच पुढं सुरू केलं. तो कागद वरूनच आलेला, आणि माझ्या फार कामाचा ठरला.

मेळघाटातली शिक्षिका
असे कागद हवेतच. केंद्रप्रमुख सर, शिक्षण हक्क कायद्याचं २९ वं कलमही शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा असंच सांगतं. मग ‘डा’ लिहिलं तर नियोजन मोडलं कसं? त्या शेऱ्याखाली मी माझं कारण लिहून सही केली तर चालेल का?

निवृत्त केंद्रप्रमुख
लिहा. मात्र सोबत त्या २३ जणांच्या वाचनाच्या नोंदी तारखेसह लावा, आजची आणि दोन महिन्यांनंतरची. मी भेटीला आलो असतो तर आधी त्याच मागितल्या असत्या.